दुखण्याची साक्ष

हात मोडला तर एक्स-रे दाखवतो. ताप आला तर थर्मामीटरचा पारा चढतो. पण काही दुखणी अशी असतात की त्यांना साक्षीदार एकच, ज्याला दुखतं तो माणूस. त्याच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा हाताशी नसतो. अशा वेळी ऐकणाऱ्यावर कोणतं कर्तव्य येतं? पुरावा मिळेपर्यंत थांबायचं, की त्या शब्दावर विश्वास ठेवून उठायचं? हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. माझ्या मते तो आधी नीतीचा आहे आणि आपल्यासारख्या श्रद्धावान माणसांसाठी तो दीनचाही आहे.

बायकांच्या एका आजाराच्या निमित्ताने हा प्रश्न फार धारदार होतो. एंडोमेट्रिऑसिस हे त्याचं नाव. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तसलंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागतं. अंडाशयावर, गर्भनलिकांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावरही. दर महिन्याला पाळीचा परिणाम त्याच्यावरही होतो. सूज येते, व्रण होतात, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली तर डॉक्टर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. पाळीत असह्य दुखणं, पाळी नसतानाही ओटीपोट आणि कंबर धरणं, संबंधाच्या वेळी वेदना, शौचाला त्रास, मूल न राहणं ही त्याची लक्षणं. जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२० च्या दशकात हा आजार नावानिशी मांडला, म्हणजे तो काही कालपरवाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दहा टक्के मुली-बायकांना, जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, तो आहे. तरीही निदान व्हायला चार ते बारा वर्षं लागतात, असं तीच संघटना सांगते. ही वर्षं कुठे जातात, ते पाहिलं पाहिजे.

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर निमगाव केतकी हे मोठं गाव आहे. पानमळ्यांचं आणि डाळिंबाचं गाव. तिथल्या एखाद्या तांबोळी किंवा बागवान घरातली सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. दर महिन्याला दोन दिवस ती कॉलेजला जाऊ शकत नाही. अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडते, उलट्या होतात. अम्मी ओवा-गुळाचं पाणी देते, गरम पाण्याची पिशवी देते आणि सांगते, “सबको होता, तुझेच क्या नवा?” गावातले डॉक्टर गोळी देतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणतं, लग्न झालं की थांबेल. लग्न होतं, थांबत नाही. मग म्हणतात, मूल झालं की थांबेल. मूल होत नाही, आणि आता दुखणं बाजूला पडून ‘वांझपण’ हा विषय घरात सुरू होतो. इंदापूरला सोनोग्राफी होते. अहवाल नॉर्मल येतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिच्यावरचा उरलासुरला विश्वासही त्या कागदाबरोबर फाइलीत जातो. खरं तर साध्या सोनोग्राफीत हा आजार पुष्कळदा दिसतच नाही. गाठ झाली असेल तर दिसते. पडद्यावरचे बारीक डाग दिसत नाहीत. ‘नॉर्मल’ याचा अर्थ ‘या यंत्राला दिसलं नाही’ एवढाच. घरात त्याचा अर्थ होतो, ‘ही नाटक करते.’

बिनलग्नाच्या मुलीची वाट तर आणखी अवघड. योनिमार्गातून करायची सोनोग्राफी जास्त स्पष्ट दाखवते, पण ती अविवाहित मुलीची करायची म्हटलं की घर हादरतं. तिथे पोटावरून सोनोग्राफी किंवा एमआरआय असे मार्ग असतात, ते कोणी समजावून सांगत नाही. उपचारात हार्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. त्यातल्या काही पाळणा लांबवणाऱ्या गोळ्यांच्याच जातीच्या असतात. कुणी ते पाकीट ओळखलं तर मुलीच्या चारित्र्याचाच पंचनामा सुरू होतो. म्हणून अम्मी गोळ्या लपवते किंवा बंद करते. आजार वाढतो, पण अब्रू राहते. अब्रूच्या या हिशेबात मुलीचं शरीर कोणत्या बाजूला मांडलं जातं, हे आपण कधी विचारतो का?

इथे आपल्या घरांत एक शब्द हमखास येतो, सब्र. सब्र कर बेटी, अल्लाह अज्र देगा. सब्र हे फार मोठं मूल्य आहे, त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण सब्र म्हणजे तोंड बंद ठेवणं, हा अर्थ आपण कुठून आणला? कुरआनने ज्यांना साबिर म्हटलं, त्या हजरत अय्यूब यांनी आपली पीडा अल्लाहपुढे बोलून दाखवली होती. त्यांना उत्तरादाखल थंड पाण्याचा झरा मिळाला, धुण्यासाठी आणि पिण्यासाठी. हजरत मरियम यांना प्रसूतीच्या कळा आल्या तेव्हा, याआधीच मरण आलं असतं तर बरं, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. सूरह मरियममध्ये ते नोंदवलेले आहेत. त्यावर त्यांना कुणी रागावलं नाही. पायाशी पाणी आणि डोक्यावर पिकलेला खजूर आहे, खा, पी आणि मन शांत कर, असं सांगितलं गेलं. एका बाईच्या वेदनेला दिलेलं हे उत्तर आहे. त्यात उपदेश कमी आणि मदत जास्त आहे.

कोणी म्हणेल, या तक्रारी अल्लाहजवळ होत्या, माणसांजवळ नव्हत्या. पण स्वतः पैगंबरसाहेबांना ताप असताना भेटायला आलेल्या इब्ने मसऊद यांना त्यांनी, दोन माणसांना मिळून होईल एवढा त्रास मला होतो, असं साधेपणाने सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. फातिमा बिन्ते अबी हुबैश या सहाबिया पैगंबरसाहेबांकडे आपला न थांबणारा रक्तस्राव घेऊन आल्या. ही पाळी नाही, हे रगेचं रक्त आहे, असं उत्तर त्यांना मिळालं. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने हा प्रश्न विचारला, एका पुरुषाने तो ऐकून घेतला, नेहमीची पाळी आणि आजार यांत फरक केला, आणि ते पुढच्या पिढ्यांनी लिहून ठेवलं. तीच हदीस शिकलेल्या घरात आज मुलगी बापासमोर ‘पोट दुखतंय’ याच्या पुढे एक शब्द उच्चारू शकत नाही. ही हया म्हणायची का? हजरत आयशा यांनी अन्सारी बायकांची तारीफ केली ती याचसाठी, की लाज त्यांना विचारण्याच्या आड आली नाही.

आता साक्षीकडे येऊ. तलाक झालेल्या बाईची इद्दत तीन पाळ्यांवर मोजली जाते. त्या पाळ्या आल्या की नाही, हे कोण सांगणार? सूरह बकरात बायकांना बजावलं आहे की गर्भाशयात जे आहे ते लपवू नका. भाष्यकारांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की या बाबतीत तिचाच शब्द धरायचा. विवाहबंधन संपलं की नाही, मूल कुणाचं, वारसा कुणाचा, एवढे मोठे निर्णय फिक्हने तिच्या शब्दावर सोपवले. गर्भाशयाविषयी तिची साक्ष कायद्यात चालते. मग त्याच गर्भाशयाच्या वेदनेविषयी तिची साक्ष स्वयंपाकघरात का चालत नाही? इद्दतीचा हिशेब पुरुषाच्या हक्काशी जोडलेला आहे म्हणून तिथे ती विश्वासू, आणि वेदना फक्त तिची आहे म्हणून इथे अविश्वासू, असं तर नाही ना? या प्रश्नाचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

पण न ऐकण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो ऐकल्यासारखा दिसतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात उतरतात. इंदापूर-बारामतीचे कारखानेही याच पट्ट्यातले. उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीत दुखतंय म्हणून बसायची सोय नसते. पांढरं जातं, अंगावरून जास्त जातं, ओटीपोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन या बायका डॉक्टरांकडे गेल्या आणि पिशवी काढून परत आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ मध्ये आकडा आला तो असा: बीडमधल्या पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहा जणींमागे एक. विनाकारण होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना त्या रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

पहिल्या मुलीचं दुखणं खोटं ठरवलं गेलं. या बायकांचं दुखणं खरं धरलं, पण ते काय आहे हे विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत. दोन्हीकडे बाई बोलत होती आणि समोरच्याला काम उरकायचं होतं. एंडोमेट्रिऑसिसच्या बाबतीत तर पिशवी काढूनही खात्री नसते, कारण आजाराचं ठाणं पिशवीबाहेर असतं. शिवाय कमी वयात अंडाशयही काढलं तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो. तेव्हा विश्वास ठेवणं म्हणजे लगेच कापणं नव्हे. विश्वास ठेवणं म्हणजे पुढचा प्रश्न विचारणं. कधीपासून? पाळीच्या आधी की नंतर? कामावर, शाळेत किती दिवस जाता येत नाही?

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुपारपर्यंत शंभर रुग्ण तपासणाऱ्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने प्रत्येक पोटदुखीमागे हा आजार शोधायचा का? प्रत्येक दुखणं एंडोमेट्रिऑसिस नसतं, हे खरंच. पण विश्वास आणि खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून डाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला. लक्षणं ऐकून, तपासून, औषध सुरू करता येतं. दुर्बीण नंतर, गरज पडली तर. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही बाईच्या शब्दाची किंमत वाढवली आहे. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो, आणि वेळेवर पाहिलं तर मूल होण्याची आशाही वाढते.

राहिला प्रश्न घराचा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आहे. वाट लांब आहे, पण बंद नाही. बंद असतो तो उंबरठा. एसटीचे पैसे कुणाकडे मागायचे, सोबत कोण येणार, जोडीला शौहर येईल की सासूबाई, आत डॉक्टरांसमोर बोलणार कोण, इथे ती अडते. आपल्याकडे बीमारपुरसी हा आजारी माणसाचा हक्क मानला आहे. शेजारच्या घरात कुणाला ताप आला तरी आपण जाऊन बसतो. या दुखण्याची बीमारपुरसी मात्र कुणी करत नाही, कारण त्याचं नाव घ्यायचं नसतं.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्काम करते. वारीच्या वाटेवरच्या गावांत थकल्या वारकऱ्याच्या पायांना कुणी तेल लावतं, कुणी गोळी देतं, कुणी गरम पाणी ठेवतं. दुखतंय म्हटलं की पुरे. एक्स-रे कुणी मागत नाही. परक्या माणसाच्या पायाला जो विश्वास मिळतो, तो घरातल्या लेकीच्या ओटीपोटाला मिळावा, एवढीच मागणी आहे. त्यासाठी फतवा लागत नाही आणि शासनाचा ठरावही लागत नाही. पुढच्या महिन्यात ती पोट धरून बसली की तिच्याजवळ बसून विचारायचं, आणि ती सांगेल ते खरं धरून सोबत निघायचं.