अस्वलाची बेगमी

माझ्या पोटाच्या घेराकडे पाहून आमच्या सौभाग्यवती परवा म्हणाल्या, "अहो, अगदी अस्वल झालंय तुमचं!" मला राग आला नाही. अस्वलाच्या ढेरीमागे मोठं तत्त्वज्ञान असतं, हे मी नुकतंच वाचलं होतं.

अलास्कात कॅटमाई नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या ब्रुक्स नदीवरची तपकिरी अस्वलं थंडीची चाहूल लागली, की खायला बसतात. या दिवसांत अस्वलाला पोट भरल्याचं कळतच नाही म्हणे. सामन मासा मुबलक असला, तर कातडी, मेंदू आणि गाभोळी एवढंच खाऊन बाकीचा टाकतात. पंगतीत भात बाजूला सारून जिलबीवर तुटून पडणारे आमचे मामा याच कुळातले. २०१४ पासून तिथल्या सर्वांत जाड अस्वलाची निवड लोक मतं देऊन करतात. आपल्याकडे आधी मतं मिळतात आणि मग जाडी येते, एवढाच फरक!

पण पुढचं ऐका. बिळात शिरायचे दिवस आले, की याच बकासुराची भूक मंदावते, चाल सुस्तावते. मग काही महिने अन्न नाही, पाणी नाही. वजन तिसऱ्या हिश्शापर्यंत घटतं. मादी तर ऐन हिवाळ्यात, याच चरबीच्या जोरावर, बिळातच पिल्लांना जन्म देते आणि दूध पाजते. वसंतात बाहेर येते ती सगळं खर्चून.

मग हिला हाव म्हणायचं की बेगमी? मला वाटतं, किती साठवलं यावर ते ठरत नाही. साठा उघडायचा दिवस ओळखता येतो का, यावर ठरतं.

आमचे अण्णा गेले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत चार कोऱ्या चादरी निघाल्या. अडीअडचणीला म्हणून जपलेल्या. शेवटच्या दुखण्यात अंगावर होती ती मात्र पार विरलेली. हिवाळा येऊन उशाशी बसला होता. तो ओळखायचा तेवढा राहून गेला. त्यांचा, आणि आमचाही.

त्या चादरी आता माझ्या कपाटात आहेत. घडीसुद्धा मोडलेली नाही. काल रात्री गारठा पडला, तेव्हा म्हटलं, "एक काढू या का गं?"

"असू द्या हो, लागतील कधीतरी."

मी निमूटपणे जुनीच ओढून घेतली. अस्वल म्हणवून घ्यायची आपली लायकी नाही, हेच खरं!