आधी टेबल हलवा

बत्तीस शिराळ्याच्या पोरांना सापाचं चित्र दाखवायचं म्हणजे परीक्षा दाखवणाऱ्याचीच. इथली नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेसाठी दूरवर गाजली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रतिमेच्या पूजेवर आली. अशा गावातल्या पोरांना नाग कसा दिसतो हे पडद्यावरून शिकायची गरज नसते.

समजा, श्रावणात तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींनी प्रोजेक्टर लावलाय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांची ओळख करून द्यायची आहे. टेबल बुटकं, म्हणून प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली दोन जुनी पुस्तकं सारली. चित्र वर चढलं खरं, पण वर रुंद आणि खाली निमुळतं झालं. नागाचा फणा भलताच फुगला, खालची वेटोळी आखडली. ‘गुरुजी, असला नाग नसतोय,’ मागून आवाज येतो. पोरगं बरोबर बोलतंय.

यात यंत्राचा दोष नाही. प्रकाश सरळ जातो आणि जितका लांब जातो तितका पसरतो. प्रोजेक्टर वर तोंड करून बसवला की पडद्याची वरची कड त्याच्यापासून लांब पडते, खालची जवळ राहते. मग चौकोनाचा समलंब चौकोन होणारच. यावर कंपनीने सोय दिलेली असते. रिमोटवर ‘कीस्टोन’चं बटण असतं. ते दाबत गेलं की वरची कड आत येते, चित्र चौकोनी होतं, फणा मापात बसतो. दोन मिनिटांत काम झालं म्हणून सगळे खूश.

पण आत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 1280 बाय 800 ठिपक्यांच्या प्रोजेक्टरकडे सगळे मिळून 10 लाख 24 हजार ठिपके असतात. त्यात एकाचीही भर घालता येत नाही. रुंद कड आत ओढायची म्हणजे त्या बाजूचे ठिपके विझवायचे आणि राहिलेल्यांत सगळं चित्र दाटीवाटीने बसवायचं. उजेड कमी होतो, बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, घोणसाच्या पाठीवरच्या साखळीच्या कड्या एकमेकींत मिसळतात. विझवलेले ठिपकेही पुरते विझत नाहीत, चित्राभोवती राखाडी पट्टा सोडतात. आकार सरळ झाला, पण तो पदरचं खर्चून.

टेबल हलवलं असतं तर यातलं काहीच खर्चावं लागलं नसतं. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यरेषेवर हवा, त्याचं तोंड पडद्याला काटकोनात हवं आणि बूड सपाट हवं. बहुतेक प्रोजेक्टर सपाट ठेवले तरी चित्र थोडं वरच फेकतात, म्हणून भिंग पडद्याच्या खालच्या कडेच्या आसपास आलं की पुस्तकं सारायची वेळ येत नाही. छताला उलटा टांगला तर हाच हिशेब वरच्या कडेशी लावायचा आणि चित्र मेनूतून पालथं करून घ्यायचं. अंतराचं गणितही साधं आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात एक गुणोत्तर दिलेलं असतं. ते दीड असेल, तर सहा फूट रुंद चित्रासाठी नऊ फूट लांब बसायचं. मोठं चित्र हवं म्हणून अंतर दुप्पट केलं, तर तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्राचा उजळपणा चौथ्या हिश्शावर येतो.

खोलीचीही काही देणी असतात. बोलक्या भिंतींच्या शाळेत एक भिंत मुकी ठेवावी लागते, नाहीतर सापाच्या अंगावर सातचा पाढा उमटतो. छताचा पंखा प्रकाशाच्या वाटेत आला की पात्यांची सावली पडद्यावर भिरभिरते. मग एकतर पंखा बंद करून घामाघूम व्हायचं, नाहीतर प्रोजेक्टर पंख्याच्या पुढे आणायचा. आणि प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावर जे काळं दिसतं ती नुसती उजेड न पडलेली भिंत असते. खिडकी उघडी राहिली की पांढऱ्या आडव्या रेघांची काळी मण्यार पार राखाडी होते, आणि ओळख पटवायची तीच खूण पुसट होते. तिथे रिमोटवरचं कोणतंही बटण उपयोगी पडत नाही, उठून खिडकी लावावी लागते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत फिरणाऱ्या तंबू टॉकीजवाल्यांना ही शिस्त पाळावीच लागे. त्यांची फिल्मची अवजड यंत्रं ट्रकमध्येच बसवलेली असत. मैदानात तंबू उभारायचा, पडदा ताणायचा आणि यंत्राचं तोंड पडद्याकडे येईल असा अख्खा ट्रक लावायचा. चित्र तिरकं आलं तर वाकवून सरळ करणारं बटण नव्हतं. पुढे या तंबूंतही डिजिटल प्रोजेक्टर आले. ते स्थित्यंतर 2016 साली कान महोत्सवात दाखवलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपलेलं आहे. नव्या यंत्राने फिल्मच्या डब्यांचं ओझं उतरवलं, हे चांगलंच झालं. पण जागा नीट पाहण्याचं काम काही त्याने उतरवलेलं नाही.

ट्रक निदान हलवता येत होता. सूर्य कसा हलवणार? शिराळ्यात एसटी स्टँडजवळ समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे, शके 1576 मधला, म्हणजे 1654 सालचा. मूर्ती उत्तराभिमुख आहे. तिच्या मुखावर उन्हं समोरून यायची सोय नाही. म्हणून मस्तकाच्या उजव्या-डाव्या बाजूंना झरोके ठेवलेले आहेत. सूर्योदयाला एकीकडून आणि सूर्यास्ताला दुसरीकडून प्रकाश मुखावर येतो. प्रकाशाचा उगम हाती नव्हता, पण भिंत हाती होती. बांधणाऱ्याने जे आपल्या हाती होतं ते योग्य जागी ठेवलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात याच्या पुढचा धडा मिळतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात. देवळाची योजना शतकांपूर्वी झाली, पण वाटेत नव्या इमारतींची उंची आली की किरण अडतात. एकदा नीट मांडलं म्हणून कायमचं निभावत नाही, वाट मोकळी ठेवत राहावी लागते.

दुरुस्तीच्या बटणाला नावं ठेवायचं कारण नाही. सभागृहाच्या मधोमध खांब असतो, पडदा भिंतीत ठोकलेला असतो, वायर पुरत नाही. अशा वेळी बाजूला बसूनच चित्र टाकावं लागतं आणि तिथे कीस्टोन कामाला येतो. जे हलत नाही त्याच्यासाठीच तो आहे. घोटाळा होतो तो जे हलू शकतं तिथेही आपण बटणाकडे हात नेतो तेव्हा. अलीकडचे बरेच प्रोजेक्टर तर चालू करताच चित्र आपोआप चौकोनी करून देतात, त्यामुळे आपण तिरके बसलोय हे कळायलाही मार्ग राहत नाही.

माणसांच्या व्यवहारातही हे बटण फार वापरलं जातं. उशिरा निघायचं आणि गाडी पळवायची. मुलाशी चार दिवस बोलायचं नाही आणि पाचव्या दिवशी मोबाईल हातात ठेवायचा. ग्रामसभेत हिशेब मांडायचा नाही आणि नंतर घरोघर खुलासे देत फिरायचं. बाहेरून चौकोन जमतो, पण प्रत्येक वेळी आतला थोडा उजेड खर्ची पडतो.

तेव्हा आज एखादी गोष्ट वाकडी दिसली तर ती वाकवून सरळ करण्याआधी एक प्रश्न विचारावा: यातलं हलवता येण्यासारखं काय आहे? बरेचदा उत्तर अगदी जवळ निघतं. पडदा जागच्या जागी बरोबर असतो, हलायचं असतं ते आपल्यालाच.