परवानगी कोणाची?

लाच देणारा आणि लाच घेणारा सारखेच गुन्हेगार, हे वाक्य मला मान्य नाही. ऐकायला सरळ आहे. पण ते बोलणारे बहुतेक खिडकीच्या आत बसलेले असतात, नाहीतर त्यांचा माणूस आत असतो.

शहाडला आमच्या चाळीत एक मावशी आहे. तिच्या पोरीचं जात पडताळणीचं प्रमाणपत्र अडलं. एका ऑफिसात फाईल तीन महिने जागची हलेना. ऑफिसचं नाव लिहीत नाही, तुम्ही आपापलं लिहा. ॲडमिशनची तारीख जवळ आली तेव्हा मावशीनं भिशी उचलली. आठ दिवसांत फाईलला पाय फुटले. २०१८ च्या दुरुस्तीनं लाच देणं हा थेट गुन्हा झाला. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सूट आहे, पण सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं. दोस्तहो, सात दिवसांत मावशीला सुट्टी एक. आणि कळवलं की फाईल परत ढिगाच्या तळाला. जी वस्तू आधीच तिच्या पोरीची होती ती ओलीस धरणारा आणि ती सोडवून आणणारी आई, हे दोघं एका तराजूत घालणारी नीती ज्यांची असेल त्यांनी सांभाळावी.

मग काय, देतच राहायचं? पाळीवरचा एक दोस्त मला असं विचारतो. नाही. पण हा प्रश्न नेहमी खिडकीबाहेरच्याला विचारतात. आतल्याला कोर्टात उभं करायला कोणाची परवानगी लागते, हे कोणी विचारत नाही.

इंग्रजाच्या १८९८ च्या फौजदारी संहितेत कलम १९७ होतं. न्यायाधीशावर किंवा वरच्या सरकारी नोकरावर कामातल्या गोष्टीसाठी खटला घालायचा तर सरकारची मंजुरी पाहिजे. परक्या राज्याला आपले साहेब जपायचे होते, समजू शकतो. मग १९४७ साल. देश नवा, अंगावर फाळणीचं रक्त. आमच्या शेजारच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित भरले, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्याच १९४७ च्या मार्चमध्ये लाचलुचपत प्रतिबंधक कायदा आला, कारण युद्धाच्या टंचाईत आणि कंत्राटांत खाणारे माजले होते. म्हंजे झेंड्याच्या आधी लाचेचा कायदा! आणि त्यातही कलम ६: मंजुरीशिवाय कोर्टानं दखल घ्यायची नाही. साहेब बदलला, कुलूप तेच.

ह्या कुलपाचा खेळ महाराष्ट्रानं उघड्या डोळ्यांनी पाहिला. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध होता. मुख्यमंत्री अंतुले पायउतार झाले. लेंटिनसारखा न्यायाधीश असतो, हेही लिहून ठेवलं पाहिजे. पण पुढं? मंजुरी लागते का, यावर १९८४ पर्यंत वाद. सुप्रीम कोर्ट म्हणालं, लागत नाही, आणि खटला हायकोर्टाकडं दिला. १९८८ साली त्याच सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं, हायकोर्टाकडं दिला ते चुकलं. सिमेंट राहिलं बाजूला.

त्या निकालानंतर सहाव्या दिवशी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्यांनाही हेच कुलूप आडवं आलं. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार दत्ता सामंतांच्या मागे, आणि कायद्यानं बोलायचा हक्क दुसऱ्याकडं. मुख्यमंत्र्याला मंजुरीची ढाल मिळते, कामगाराला मंजुरीची भिंत. शब्द एकच.

न्यायाधीशांचं काय? १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की न्यायमूर्तीही लाचेच्या कायद्याखाली येतात. मात्र गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यायचा. पुन्हा दार आतूनच उघडणार.

आता २०१८ सालच बघा. मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटीच्या कायद्यात अटी घातल्या: आधी प्राथमिक चौकशी, आणि सरकारी नोकराला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्याची लेखी परवानगी. प्रकरण आपल्याच कराडचं होतं. जुलैमध्ये संसदेनं लाचेच्या कायद्यात १७-अ घातलं: अधिकाऱ्यानं कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशीसुद्धा परवानगीशिवाय नाही. सापळ्यात रंगेहाथ सापडला तर ही अट नाही. म्हंजे पाचशे घेणारा क्लार्क सापळ्यात, आणि सही करणारा मोठा साहेब परवानगीच्या मागे! ॲट्रॉसिटीच्या अटी संसदेनं ऑगस्टमध्ये कलम १८-अ आणून उडवल्या, पण त्याआधी २ एप्रिलच्या बंदमध्ये माणसं मेली.

मार्चच्या त्या निकालाची तारीख २० होती. २० मार्च! १९२७ साली ह्याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं तेव्हा सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली. परिषदेला हजारो माणसं जमलेली, तळं जवळ. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मानला. हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये, आपल्या बाजूनं. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं.

मला हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. ज्या कोर्टावर विश्वास ठेवायला काही कारण नव्हतं, त्याचा मान का राखला? आता वाटतं, तो विश्वास नव्हता. ती उधारी होती. आम्ही तुमचा कायदा पाळतो, आता तुम्ही पाळून दाखवा. विश्वास ठेवणं हे गरिबाचं कर्तव्य आहे असं वकील-मंडळी सांगतात तेव्हा म्हणून मला चीड येते. कर्तव्य घेणेकऱ्याचं नसतं.

२०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जुन्या १९७ च्या जागी २१८ आलं, आणि त्यात एक चांगली गोष्ट आहे: सरकारनं १२० दिवसांत मंजुरीवर निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. एवढी एक ओळ लाचेच्या कायद्यातही घाला. आणि नकार द्यायचा तर कारण लिहून, सहीनिशी, तक्रारदाराच्या हातात द्या. मराठीत द्या, मावशीला वाचता येईल असं.