घाट तर सगळेच

जबलपुरातली काही मराठी घरं भोसल्यांच्या अमलापासूनची, म्हणजे १८१७ च्या आधीची. बाकीची पुढं रेल्वेच्या, गन कॅरेज फॅक्टरीच्या नोकरीपायी आलेली. अशाच एका घरात दुसरीत शिकणारा एक मुलगा होता. शाळा हिंदी, घर मराठी आणि त्याच्या वाचनाचं कौतुक दोन्हीकडं. पाहुणे आले की बाबा त्याला हाक मारत. तो पाठ्यपुस्तक उघडून धडा सुरू करी, तो थेट शेवटालाच थांबे. पानसुद्धा नेमक्या शब्दाला उलटे. बाबांनी त्याचा व्हिडिओ नागपूरच्या नातेवाइकांना पाठवला होता आणि तिकडून आलेले अंगठे मोजले होते.

एका पौर्णिमेला आजी त्याला घेऊन ग्वारीघाटाला निघाली. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू, बसवरची पाटी दिसेना. तीन पत्ती चौकात बस आली तशी ती म्हणाली, “बघ रे सोन्या, कुठली आहे?”

त्यानं पाटीकडं एकदाच बघितलं. “ग्वारीघाट! चल, चल.”

वाटेत रामपूर यायला हवं होतं. आलं मेडिकल कॉलेज. आजीनं विचारलं तेव्हा कंडक्टर हसला, “अम्मा, ये तो भेड़ाघाट की है.”

आता उतरून ऊन खाण्यापेक्षा पुढं गेलेलं बरं, असं म्हणून तिनं तिथपर्यंतचं तिकीट काढलं. नर्मदा तिथंही आहेच. पंचवटी घाटावर तिनं हातपाय धुतले, दिवा सोडला, नातवाला शेंगदाणे घेऊन दिले आणि मग विचारलं, “पाटीवर काय होतं रे?”

“घाट.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधीचं नाही बघितलं. आपल्याला ग्वारीघाटलाच जायचं होतं ना!”

यावर रागवायचं कसं? ग्वारीघाट, भेडाघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट: या गावात नर्मदेवर जावं तिथं पाटीच्या शेवटी घाट असतोच. पोरानं शेवट पाहिला आणि आधीचं मनातलं जोडलं. ‘ग्वा’सारखं जोडाक्षर तर त्यानं कधी फोडून पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिनं त्याचं पाठ्यपुस्तक उघडलं, चित्रावर तळहात ठेवला आणि मधल्याच एका शब्दावर बोट टेकवलं. “हा वाच.” मुलगा गप्प. ओठ मात्र हलत होते. तो धडा पहिल्या ओळीपासून मनात म्हणत त्या शब्दापर्यंत येत होता. शब्द त्यानं बरोबर सांगितला. आजीनं बोट तीन ओळी खाली नेलं. पुन्हा ओठ हलू लागले, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्गात मॅडम एक ओळ म्हणत होत्या आणि मुलं एका सुरात ती परत म्हणत होती. अशा सुरात कोण अडखळतं ते कळायला मार्ग नसतो. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेनं २०२१ मध्ये ठरवलं. मध्य प्रदेशात त्या कामाला ‘मिशन अंकुर’ म्हणतात. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण धडा घडाघडा म्हणणारं मूल तपासणाऱ्यालाही सहज चकवतं, आणि त्यात त्याची लबाडी नसते. आपण ज्याला शाबासकी देतो तेच ते करत असतं.

मॅडमना बसची गोष्ट ऐकून हसू आलं. मग त्या जरा विचारात पडल्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर चारही घाटांची नावं लिहिली. शेवटचा ‘घाट’ पुसून टाकला. “अब बताओ, कौन-सा कहाँ है?” वर्ग गडबडला. मग एकेक जण फळ्याजवळ येऊन अक्षरांना बोट लावू लागला. होडी चालवणाऱ्या घरातल्या एका मुलीनं जिलहरी घाट आणि उमा घाट सांगितले, तेही फळ्यावर चढले. पुढं रोज मुलांनी बोललेली दोन-चार वाक्यं मॅडम लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा क्रम बदलून वाचायला द्यायच्या. चाळीस पोरांच्या वर्गात यानं गोंधळ फार होई, आणि शेजारच्या वर्गातून तक्रारही आली.

घरचं काम आजीकडं आलं. नशीब असं की हिंदी आणि मराठी, लिपी दोन्हींची देवनागरीच. शाळेतल्या ‘ड़’खाली टिंब असतं आणि आजीचा ‘ळ’ शाळेत कुणालाच येत नाही, हे कळल्यावर मुलाला दोन्हींचा सारखाच अभिमान वाटू लागला. आजीनं अभ्यास असा घेतलाच नाही. औषधाची बाटली, विजेचं बिल, नागपूरहून आलेली लग्नपत्रिका, जे वाचून हवं असेल ते त्याच्यापुढं धरायचं. पत्रिकेत ‘जबलपूर’ पाहून तो म्हणाला, हे चुकलंय, स्टेशनवर ‘जबलपुर’ आहे. आजी खूश झाली. पहिल्यांदाच त्यानं मधलं अक्षर बघितलं होतं.

बाबा मात्र नाराज. पुन्हा पाहुणे आले, पोराच्या हातात नवं पुस्तक दिलं, तर एक ओळ संपायला हा वेळ! पाहुण्यांचा चहा निवला.

“आधी किती भराभर वाचायचा. आता काय झालं याला?”

“आधी तो म्हणायचा,” आजी म्हणाली. “म्हणणाऱ्याला पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो. वाचणाऱ्याला नसतो, म्हणून तो अडखळतो. अडखळू दे.”

बाबांना ते पटलं असेल-नसेल. मुलगा पुढच्या शब्दावर थांबला. जोडाक्षर होतं. बाबांना राहवेना, ते ओणवे होऊन तो शब्द सांगायला लागले, तोच पोरानं पानावर हात ठेवला.

“बाबा, रुको ना! तुम्ही सांगू नका. माझं चाललंय.”