देवाचे आणि विकायचे

पूजेतली वस्तू विकावी का, हा आदिवासी उद्योजकतेतला सर्वांत अवघड प्रश्न. बंगळूरच्या बसवनगुडीत तो फारसा कोणाला पडत नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाची जत्रा भरते. परंपरेने नव्या पिकाच्या शेंगा आधी नंदीला वाहायच्या. बाकीच्या शेंगांचे ढीग देवळाबाहेरच्या रस्त्यावर लागतात आणि मापाने विकले जातात. भुईमुगाचे उभे पीक खाणाऱ्या बैलासाठी बंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांनी सोळाव्या शतकात देऊळ बांधले, अशी कथा आहे. (भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्या काळी तो इथे पिकत असेल का, ही शंकाच.) कथा कशीही असो, व्यवहार चोख आहे: देवाचा वाटा वेगळा, बाजाराचा वेगळा.

डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांना अशी वाटणी सोपी नव्हती, कारण त्यांचा विकायचा मालच पूजेतून आला. लग्नघरात शेणा-मातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. लिहिणाऱ्या सवाशिणी, लग्न लावणारी धवलेरीही बाईच. पुढच्या सारवणात चौक पुसला जातो आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. म्हणजे पावित्र्य रेषेत नसून विधीत आहे, असे म्हणता येते. तसे मानले, तर कागदावरची पालघट हे देवीचे चित्र ठरते. ते विकल्याने देवी विकली जात नाही.

कागद आला 1970 च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी तो पाड्यांवर नेला आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यावर पेरणी, मासेमारी, तारपा या वाद्यावरचा नाच काढू लागले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागून अनेक तरुण या धंद्यात आले आणि पाड्यांवर रोख पैसा आला. देव बाटला नाही. बाईचा हक्क मात्र मागे पडला. जे लिहिण्याचा मान सवाशिणींचा होता, त्याचा नावलौकिक बहुतांशी पुरुषांना मिळाला. धर्मभ्रष्टतेची चर्चा करणारे या अन्यायाबद्दल सहसा बोलत नाहीत.

राहिला प्रश्न विकायच्या मालाच्या राखणीचा. वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाला संरक्षण देते, आकृतीला नाही. ‘वारली’ हे नाव न लावता तीच तारपा नाचाची रांग कोणी साडीवर छापली, तर मानांकनाच्या कायद्याने त्याला अडवणे कठीण आहे.