एक लेखणी, तीन अशील

माणसाने एकाच वेळी किती उद्योग करावेत, हा प्रश्न आपण बहुधा घड्याळाकडे पाहून सोडवतो. चोवीस तासांतून झोप वजा करायची, जेवणखाण वजा करायचे आणि उरलेल्या तासांची वाटणी करायची. माझे एक वकील स्नेही ही वाटणी मोठ्या कौशल्याने करतात. दिवसा ते तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतात. संध्याकाळी खाजगी महाविद्यालयांच्या चालकांना, विद्यार्थी आपल्याकडे कसे ओढावेत, याचा सल्ला देतात. आणि पहाटे उठून कथा लिहितात. कथा वाईट नसतात. तक्रार एकच, की वेळ पुरत नाही. मला मात्र त्यांची अडचण वेळेची आहे असे वाटत नाही.

वेळेची अडचण पुष्कळांनी सोडवली आहे. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करी. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसता यावे म्हणून, उठवणाऱ्या नोकराला तो वर्षाला ५ पौंड जादा देई. फ्रान्झ काफ्का हा कायद्याचा डॉक्टर. १९०८ ते १९२२ तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता, आणि रंधा मारण्याच्या यंत्रात कामगारांची बोटे तुटू नयेत म्हणून काय करावे, यावर त्याने लिहिलेले आहे. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करता करता महाराष्ट्राला हसवीत राहिले. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर टिळकांनी लॉ क्लास चालवला. आणि खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली. (मास्तरांचा उल्लेख करताना माझा स्वर थोडा चढतो, तेवढे वाचकांनी चालवून घ्यावे.)

तेव्हा तासांचा प्रश्न बाजूला ठेवू. खरा प्रश्न शब्दांचा आहे. वकील एकाच बाजूने बोलतो, आणि त्यात अनीती नाही. कारण समोर तितकाच तयारीचा दुसरा वकील उभा असतो आणि वर ऐकणारा न्यायाधीश बसलेला असतो. वकिलाचा एकांगीपणा त्या खोलीत पुरा होतो. कादंबरीकाराला समोर कोणी नसतो, म्हणून त्याला सगळ्यांचेच वकीलपत्र घ्यावे लागते. सासूचेही आणि सुनेचेही. जाहिरात लिहिणारा मात्र एकाच बाजूने बोलतो, आणि समोर उलटतपासणी घेणारा कोणी नसतो. समोर असतो तो फक्त गिऱ्हाईक.

कायद्याच्या धंद्याने हे फार पूर्वी ओळखले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ वा नियम वकिलाला स्वतःची जाहिरात करू देत नाही, दलालामार्फत अशील गोळा करू देत नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. २००८ मध्ये संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण अशी ठराविक माहिती देण्याची मुभा मिळाली, तेवढीच. अमेरिकेत १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली. आपण ती वाट धरलेली नाही. आपला ५१ वा नियम वकिलाला लेखन, व्याख्यान, अध्यापन करू देतो. ४७ वा नियम मात्र त्याने स्वतः धंदा करू नये असे म्हणतो. यावर आमच्या स्नेह्यांचे म्हणणे, “मास्तर, मी सल्ला देतो, धंदा करीत नाही.” हा युक्तिवाद वकिलाला शोभणारा आहे, एवढेच मी म्हणतो.

ज्याला स्वतःच्या नावाची पाटी मोठी करण्याची चोरी, त्याने दुसऱ्याची पाटी मोठी करून द्यावी, यात मौज आहे. पण मौजेपेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या ओट्यावर पालक माहितीपुस्तके घेऊन येतात. गुळगुळीत कागद, हिरवळ, हसणाऱ्या मुली. ज्याने विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढली नाही, अशा मॅट्रिक झालेल्या माणसाला ते विचारतात, “गुरुजी, यातलं खरं काय?” अशाच एका पुस्तकात, आधी जिथे ‘नोकरीची हमी’ होती, तिथे आमच्या स्नेह्यांनी ‘नोकरीसाठी शंभर टक्के साहाय्य’ असे शब्द घातले. हा बदल सचोटीचा आहे असे ते मानतात. कोर्टात त्या वाक्याला कोणी हात लावू शकणार नाही. पण जमीन गहाण टाकून फी भरणारा बाप ‘शंभर टक्के’ आणि ‘नोकरी’ एवढेच दोन शब्द वाचतो. वकिलाने ते वाक्य अभेद्य केले, लेखकाने गोड केले. दोघांची विद्या तिसऱ्याच्या कामी आली.

त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. चांगले महाविद्यालय आहे हे आडगावच्या मुलीला कळावे कसे? गप्प बसणे म्हणजे पुण्य नव्हे. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी शिक्षणसंस्था चालवणे हा व्यवसाय मानला, वाढीपुरती वाजवी शिल्लक मान्य केली. नफेखोरी मात्र नाकारली. म्हणजे दुकान मांडायला हरकत नाही, पण माप खरे हवे. हे मला पूर्ण मान्य आहे.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना सुचवले, “वकीलसाहेब, माहितीपुस्तकात तुमच्या प्रतिपक्षालाही एक पान द्या. समोरचा वकील काय विचारील? परीक्षेला किती बसले, किती उत्तीर्ण झाले, नोकरी किती जणांना लागली आणि पगार काय, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या, चार वर्षांचा सगळा खर्च किती. कथेत तुम्ही खलनायकालाही बोलू देता, मग इथे का नाही?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खरोखरच ते पान लिहिले. उत्तम लिहिले आहे. त्यांच्या कथांपेक्षाही मला ते आवडले. संस्थेच्या अध्यक्षांनी मसुदा वाचून, रिकाम्या जागांचा आणि पगाराचा असे दोन प्रश्न काढून बाकीचे पान छापू, असा निरोप पाठवला आहे. मानधनाचा दुसरा हप्ता मसुदा मंजूर झाल्यावर मिळायचा आहे. ते पान त्यांच्या टेबलावर, वकीलपत्रे आणि अर्धी कथा यांच्या मध्ये, अजून तसेच पडले आहे.