वास्तव कोणाच्या डोळ्यांनी?

कादंबरीचा विचार करताना निवेदक कोण आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे प्रश्न आपण सवयीने विचारतो. दूरचित्रवाणीवरील मालिकेला हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. तेथे कोणी काही सांगत आहे असे वाटत नाही; सारे आपोआप दिसत असते, आणि जे दिसते ते तसेच घडले असे मानण्याकडे मनाचा कल असतो. पोलिसांच्या जीवनावरील मालिकांच्या बाबतीत हा कल विशेष विचार करण्याजोगा आहे. एखाद्या प्रेमकथेचा निवेदक पक्षपाती असला तर फार तर एखाद्या पात्रावर अन्याय होईल. पोलीसकथेत मात्र राज्याची दंडशक्ती आणि एकटा नागरिक समोरासमोर उभे असतात. ही भेट आपण कोणाच्या खांद्यावरून पाहतो, यावर न्यायाविषयीची आपली समजूत घडत असते. म्हणून प्रश्न असा उभा राहतो, की जी मालिका आपल्याला अधिक खरी वाटते ती अधिक न्याय्यही असते काय?

खरेपणाचा दावा या मालिकांनी आरंभापासूनच केला आहे. अमेरिकेतील ‘ड्रॅगनेट’ १९४९ साली नभोवाणीवर आणि १९५१ साली दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिचा कर्ता आणि नायक जॅक वेब याने लॉस एंजेलिस पोलीस खात्याच्या दप्तरातील प्रकरणांवर तिची उभारणी केली. कथा खरी आहे, निरपराध माणसांच्या रक्षणासाठी केवळ नावे बदलली आहेत, असे आरंभी सांगितले जाई. मग सार्जंट फ्रायडेचा कोरडा, चढउतार नसलेला आवाज वार, तारीख, हवामान आणि त्या दिवसाची नेमणूक सांगू लागे. शेवटी न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा जाहीर होई. हा सारा थाट पंचनाम्याचा होता. पंचनाम्यात लिहिणाऱ्याच्या भावनेला स्थान नसते, म्हणून तो विश्वसनीय वाटतो. परंतु तो लिहिणारा हात पोलिसाचाच असतो, हे त्या कोरडेपणामुळे विसरले जाते. १९६५ साली त्याच शहरातील वॉट्स भागात, एका काळ्या तरुण वाहनचालकाला पोलिसांनी अडवल्याचे निमित्त होऊन दंगल उसळली आणि ३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वस्तीतील माणसांना पोलीस कसा दिसत होता, हे कळण्याचा कोणताही मार्ग ‘ड्रॅगनेट’ने आपल्या प्रेक्षकाला दिलेला नव्हता. तिचे तपशील खरे होते. ते वेचणारी दृष्टी एका बाजूची होती.

पुढच्या पिढीला हा थाट कृत्रिम वाटू लागला आणि खरेपणाची नवी लक्षणे शोधली गेली. १९७७ सालच्या ‘द पोलीस टेप्स’ या अनुबोधपटासाठी ॲलन आणि सुझन रेमंड हे दांपत्य हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील पोलिसांबरोबर हिंडले होते. स्टीव्हन बॉच्को आणि मायकेल कोझॉल यांच्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ (१९८१–८७) या मालिकेवर त्याचा स्पष्ट प्रभाव पडला. सकाळच्या हजेरीने भाग सुरू होई. कॅमेरा हलता असे, चौकटीच्या कडेने माणसे येत-जात, दोन संभाषणे एकमेकांत मिसळत, आणि एका कथेचा निकाल लागण्यापूर्वी दुसरी सुरू होई. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खऱ्या घटनेमागे धावताना अनुबोधपटकाराचा कॅमेरा हलतो, तो त्याचा नाइलाज असतो. मालिकेच्या सेटवर कॅमेरा स्थिर ठेवणे सहज शक्य असते. तेथे तो मुद्दाम हलवला जातो. अपूर्णता हे प्रामाणिकपणाचे चिन्ह आहे असे आपण मानू लागलो होतो, आणि कलावंतांनी ते चिन्ह उचलले. यात फसवणूक नाही. प्रत्येक काळातील वास्तववाद अशाच संकेतांवर उभा असतो. मात्र वास्तवाचा आभास हे तंत्राचे फळ आहे, सत्याची हमी नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

आता दृष्टिकोनाकडे वळू. ब्रिटनमधील ‘द बिल’ (१९८४–२०१०) या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेने बराच काळ एक नियम पाळला : ज्या प्रसंगात पोलीस उपस्थित नाही असा प्रसंग दाखवायचा नाही. नियम साधा होता आणि कलादृष्ट्या शिस्तीचा होता. पण त्याचा परिणाम पाहण्याजोगा आहे. पोलीस दार वाजवतो तेव्हा आपण दाराबाहेर असतो. दार उघडणाऱ्या बाईच्या मनात त्या आवाजाने काय झाले, हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. पोलीस निघून गेला की तिचे घर आपल्यापुरते नाहीसे होते. पोलिसाला मात्र सहकारी असतात, थकवा असतो, मोडकळीला आलेला संसार असतो. एका बाजूला अंतर्मन आणि दुसऱ्या बाजूला केवळ वर्तन, अशी ही वाटणी आहे. ज्याचे अंतर्मन आपल्याला ठाऊक असते त्याच्या चुका आपण समजून घेतो. ज्याचे केवळ वर्तन दिसते त्याच्याविषयी निकाल देतो.

चौकशीच्या खोलीत ही वाटणी सर्वांत तीव्र होते. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात असा दंडक घातला, की ताब्यातील माणसाची चौकशी करण्यापूर्वी त्याला गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा अधिकार आहे हे सांगितलेच पाहिजे. ‘एनवायपीडी ब्लू’ (१९९३–२००५) पाहणारा प्रेक्षक मात्र त्या खोलीत वकील येऊ नये अशीच इच्छा करू लागतो. अँडी सिपोविट्झ हा गुप्तचर संशयितावर हात उगारतो तेव्हा त्याचे वैफल्य आणि त्याची दुःखे आपल्या परिचयाची असतात. शिवाय समोरचा माणूस अपराधी आहे हे कथेने आपल्याला बहुधा सुचवलेले असते. दोष आहे तो येथे. प्रत्यक्ष जीवनात चौकशीच्या वेळी कोणालाच काही निश्चित ठाऊक नसते. त्या अनिश्चिततेसाठीच कायद्याने अधिकार निर्माण केलेले असतात. कथा ती अनिश्चितता काढून घेते आणि मग अधिकार हा केवळ अडथळा उरतो. भिंतीचा रंग, टेबलावरचा कॉफीचा पेला, बोलण्यातील शिव्या हे सारे हुबेहूब असते. ज्या अज्ञानातून न्यायाची गरज उत्पन्न होते तेवढे वगळलेले असते.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. १९७८–८० च्या पिढीला अपरिचित असलेली खाजगी वाहिन्यांची दुनिया अवतरल्यावर १९९८ साली सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’ने वास्तववादाचा फारसा आग्रह धरला नाही. दार लाथेने तोडणारा दया हा लोककथेतला वीर आहे. परंतु तिच्या कथांचा शेवट वारंवार आरोपीने पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीजबाबात होतो. आता १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम २५ असे होते, की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही हे तत्त्व कायम आहे. परकीय राज्यकर्त्यांनीसुद्धा पोलीस कोठडीतून बाहेर पडणाऱ्या शब्दावर विश्वास ठेवू नये असे ठरवले होते. ज्या ठिकाणी कायदा संशय घेतो नेमक्या त्याच ठिकाणी कथा समाधान मानते आणि संपते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पोलिसाला आतून पाहणे हेच मुळात नैतिक कार्य नव्हे काय? समाज आपली नकोशी कामे ज्यांच्यावर सोपवतो आणि मग ज्यांना तुच्छ लेखतो, त्यांना माणूस म्हणून दाखवणे हा अपराध कसा? हा आक्षेप खरा आहे. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’चे मोठेपण त्यातच आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) हा चित्रपट सर्वस्वी फौजदार वेलणकराच्या सहवासात घडतो. पण त्याच्या हातून कोठडीत एका क्षुद्र चोराचा जीव जातो, तेव्हा त्याच्याविषयीची आपली करुणा त्या मृत्यूवर पांघरूण घालीत नाही. म्हणजे एका बाजूने पाहणे हा दोष नव्हे; आपण एका बाजूने पाहत आहोत याचा विसर पाडणे हा दोष होय.

हा विसर पडू न देण्याचा एक मार्ग जी. एफ. न्यूमन या लेखकाने १९७८ साली बीबीसीसाठी लिहिलेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ या चार नाटकांच्या मालिकेत दिसतो. याच नावाच्या नंतरच्या अमेरिकन मालिकेशी तिचा संबंध नाही. पहिले नाटक गुप्तचराचे, दुसरे गुन्हेगाराचे, तिसरे वकिलाचे आणि चौथे कैद्याचे. जॅक लिन हा सराईत दरोडेखोर आहे. परंतु ज्या दरोड्यासाठी त्याला शिक्षा होते तो त्याने केलेला नाही. पोलिसांनी पुरावा रचलेला असतो. पहिल्या नाटकात हे रचणे आपण एका कसबी माणसाच्या रोजच्या कामासारखे पाहतो आणि नकळत त्यात सामील होतो. पुढच्या नाटकांत तेच कृत्य दुसऱ्या बाजूने अंगावर येते. कथा कोणालाही साधू ठरवीत नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या आणि तुरुंगाधिकाऱ्यांच्या वर्तुळातून तिचा तीव्र निषेध झाला. तपशिलांच्या खरेपणापेक्षा, आजवर एकाच बाजूला असलेला कॅमेरा टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला, याचा तो धक्का असावा.

बाल्टिमोर शहरावरील ‘द वायर’ (२००२–०८) या मालिकेने हीच दिशा विस्तारली. पत्रकार डेव्हिड सायमन आणि पूर्वाश्रमीचे पोलीस व शिक्षक एड बर्न्स यांनी पाच पर्वांत अमली पदार्थांचा धंदा, बंदर, नगरशासन, शाळा आणि वृत्तपत्र यांच्यातून तेच शहर पुनःपुन्हा पाहिले. यावर कोणी म्हणेल की सर्वांची बाजू दाखवली की कोणीच दोषी उरत नाही. तसे होत नाही. नाक्यावर उभा राहणारा मुलगा आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस हे दोघेही आपल्याला आतून कळतात, तरी कोणाच्या निर्णयाने कोणाचा बळी गेला हे अधिकच स्पष्ट दिसते. समजून घेणे आणि माफ करणे या भिन्न क्रिया आहेत. न्यायाधीशही दोन्ही बाजू ऐकतो ते निकाल टाळण्यासाठी नव्हे.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो वैद्यकीय स्वरूपाची घटना म्हणून नोंदला गेला होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीने आपल्या दूरध्वनीवर केलेल्या चित्रणामुळे, पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ त्याच्या मानेवर होता हे जगाला दिसले. २० एप्रिल २०२१ रोजी ज्यूरीने त्या पोलिसाला दोषी ठरवले. ते चित्रणही हातातल्या कॅमेऱ्याचेच होते, आणि त्याला कोणत्याही संकेताची उसनवारी करावी लागली नव्हती. चार दशके मालिकांचा हलता कॅमेरा पोलिसांच्या बरोबरीने धावत आला होता. हा कॅमेरा पदपथावर थांबला होता. निवेदन आणि चित्रण यांतील अंतर हे तंत्राचे नव्हते, उभे राहण्याच्या जागेचे होते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते, की खरे वाटणे आणि न्याय्य असणे यांचा परस्परांशी अनिवार्य संबंध नाही. उलट, आभास जितका निर्दोष तितकी त्यामागील निवड दिसेनाशी होते. पोलीसकथा पाहणाऱ्याने तपशिलांची अचूकता जरूर तपासावी; पण त्यानंतर, दार बंद झाल्यावर कथा कोणाबरोबर बाहेर पडली आणि कोणाला आत सोडून आली, हेही विचारावे. जो आत राहिला त्यालाही सांगण्यासारखे काही असू शकते, एवढे जरी त्या प्रश्नाने मनात जागे ठेवले, तरी साहित्याने न्यायासाठी करण्याजोगे एक काम झाले असे म्हणता येईल.